फँटसी बेसबॉल: शेवटच्या फेऱ्यांतले पिचर, आणि नारळ कधी द्यायचा

कोपरखळी (एडिसन, न्यू जर्सी) – ८ मार्च २०२५, रात्री ९:४२

मंडळी, शनिवारी २२ तारखेला आमच्या ऑफिसच्या फँटसी लीगचा ड्राफ्ट आहे, म्हणजे मेजर लीगच्या खऱ्या खेळाडूंतून आळीपाळीनं नावं उचलून कागदी टीम बांधायची आणि मोसमभर त्यांच्या आकड्यांवर गुण मिळवायचे. बारा टीम, पंचवीस फेऱ्या, रोटो (प्रत्येक कॅटेगरीत कितवा आलात त्यावर गुण), बॅटिंगच्या पाच आणि पिचिंगच्या पाच कॅटेगरी. पैशांचा मामला नाही. शेवटचा येतो तो पहिल्याला वर्षभर दर शुक्रवारी चहा पाजतो, एवढंच. माझं हे नववं वर्ष आणि अजून एकदाही पहिला आलेलो नाही, तेव्हा खालचं सगळं त्या हिशोबानं वाचा.

पहिल्या पंधरा फेऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिथली नावं सगळ्यांना पाठ असतात. माझं दुखणं सोळाव्या फेरीनंतरचं. तोवर दोन-अडीच तास झालेले असतात, जेवण गार झालेलं असतं, पडद्यावर सेकंद उलटे पळत असतात आणि चार स्टार्टिंग पिचर (सामन्याची सुरुवात करणारे गोलंदाज) अजून घ्यायचे असतात. अशा वेळी हात आपोआप ओळखीच्या नावाकडे जातो. गेल्या वर्षी मी असाच एक नावाजलेला म्हातारा घोडा घेतला. (नाव सांगत नाही, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.) आज ना उद्या सूर सापडेल म्हणत जूनपर्यंत सांभाळला. दरम्यान १ एप्रिलला, मोसम सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा ह्यूस्टनच्या रोनेल ब्लँकोनं टोरोंटोविरुद्ध नो-हिटर टाकला (अख्ख्या सामन्यात एकही हिट, म्हणजे फटका मारून घेतलेला बेस, नाही). आमच्या लीगमध्ये तो कुणाकडेच नव्हता. मी म्हटलं, सकाळी बघू. सकाळी बघतो तर तो उचललेला. मोसमाअखेर १३ विजय आणि २.८० ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले रन, कमी तितका चांगला).

म्हणून यंदा चाळणी ठरवून बसणार आहे. पहिली गोष्ट, शेवटच्या फेऱ्यांत गेल्या वर्षीचा ईआरए बघायचाच नाही. चांगला ईआरए असलेले आधीच संपलेले असतात. उरलेल्यांत वाईट ईआरएवाले दोन प्रकारचे असतात, खरोखरच वाईट आणि नशिबानं मार खाल्लेले. चेंडू बॅटला लागून मैदानात पडला की पुढचं बरंचसं क्षेत्ररक्षक, मैदान आणि दैव ठरवतं, पिचरच्या हातात फार उरत नाही, हे आकडेवारीचा अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकननं २००१ मध्ये मांडलं तेव्हा अनेकांना पचलं नव्हतं. त्याच्या हातात काय असतं? स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार वाईट चेंडूंवर बॅटरला फुकटचा बेस) आणि काही अंशी होमरन.

तर मी बघतो ते इतकंच: शंभर बॅटरांमागे स्ट्राइकआउट किती, त्यातून वॉक किती वजा. मेजर लीगची सरासरी साधारण १४ येते. आता निक पिवेटा बघा. गेल्या वर्षी बॉस्टनकडून ४.१४ ईआरए, म्हणून लोक नाक मुरडतात. पण १४५ इनिंगमध्ये १७२ स्ट्राइकआउट आणि फक्त ३६ वॉक. वजाबाकी जवळपास २३! घात केला तो २८ होमरननी. आणि हा माणूस आता सॅन डिएगोला गेलाय, तिथल्या पेटको पार्कमध्ये चेंडू तसा सहज बाहेर जात नाही.

यादीतली बाकीची नावं: हेसूस लुझार्डो (२०२३ मध्ये २०८ स्ट्राइकआउट, गेल्या वर्षी पाठ दुखावली, १२ सामन्यांत ५.०० ईआरए, आता फिलाडेल्फियात) आणि कॅन्सस सिटीचा क्रिस ब्यूबिक. ब्यूबिक कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर गेल्या वर्षी बुलपेनमधून (सामन्याच्या मधे येणारा रिलीव्हर म्हणून) आला, तीसेक इनिंगमध्ये ३९ स्ट्राइकआउट आणि वॉक पाच. यंदा तो परत स्टार्टर.

आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चार स्टार्ट, वीसेक इनिंग. तेवढ्यात जमलं नाही तर नारळ. माया लावायची नाही.

तुमचं काय म्हणणं? भर घाला, पिसं काढा.

---

चुलीवरची – ८ मार्च, रात्री १०:०५

नऊ वर्षांत एकदाही पहिला नाही आणि चाळणी शिकवतोय. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

---

फिरकी (सॅन होजे) – ८ मार्च, रात्री ११:३०

धागा आवडला. वजाबाकीला अनुमोदन. दोन ठिकाणी मात्र खटकलं.

एक, तुमच्या चाळणीतून रॉबी रे गळून पडला असता. २०२० मध्ये त्याचा ईआरए ६.६२ होता आणि ५१ इनिंगमध्ये ४५ वॉक. वजाबाकी करायला घेतली असती तर कॅल्क्युलेटरनं मान फिरवली असती. पुढच्याच वर्षी टोरोंटोकडून १९३ इनिंग, २४८ स्ट्राइकआउट, वॉक फक्त ५२, आणि साय यंग पुरस्कार (लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा). त्याच्याबद्दल मार्चमध्येच काही दिसत होतं का? थोडं दिसत होतं. सराव सामन्यांत वेग वाढला होता आणि तो झोनमध्ये बिनधास्त टाकत होता. म्हणजे सरावाच्या सामन्यांतले रन बघू नका, पण वेगमापक जरूर बघा. सरावाच्या काळात ॲरिझोनातल्या कोरड्या हवेत चेंडू कसाही उडतो, तिथल्या ईआरएची पुरचुंडी बांधून तिथंच ठेवून यावी. पण गेल्या वर्षी ताशी ९२ मैलांनी टाकणारा यंदा ९४ नं टाकत असेल, तर ते हवामानामुळे नव्हे.

उलट कॉर्बिन बर्न्स तुमच्या चाळणीत बरोबर टिकला असता. २०१९ मध्ये ८.८२ ईआरए! लोकांनी नाव टाकलं. पण ४९ इनिंगमध्ये ७० स्ट्राइकआउट आणि २० वॉक होते, सगळं रामायण १७ होमरनचं. त्यानं मार खाणारा सरळ फास्टबॉल बाजूला ठेवला, कटर (शेवटी किंचित आडवा वळणारा वेगवान चेंडू) हाती धरला, आणि २०२१ मध्ये साय यंग. तेव्हा दुसरी खूण ही की नवा चेंडू शिकलाय का, किंवा बडवला जाणारा सोडलाय का.

दोन, "चार स्टार्ट आणि नारळ" ठीक, पण नारळ कशावरून द्यायचा? रन बघून दिलात तर तुम्ही पुढच्या दारानं हाकललेला ईआरए मागच्या दारानं घरात घेतलात. घेताना वजाबाकी बघायची आणि सोडताना रन, हा कुठला न्याय?

---

कोपरखळी – ९ मार्च, सकाळी ८:१५

@फिरकी, मुद्दा बिनतोड. पण वीस इनिंगमध्ये वेगळं काय दिसणार?

---

फिरकी – ९ मार्च, सकाळी ११:०२

दिसतं की. स्ट्राइकआउटचं प्रमाण फार लवकर स्थिरावतं, साधारण सत्तर बॅटर, म्हणजे तीन स्टार्ट. मैदानात पडलेले चेंडू हिट होण्याचं प्रमाण स्थिर व्हायला मात्र दोन-दोन वर्षं जातात. म्हणून चौथ्या स्टार्टनंतर तीनच प्रश्न: वेग पडलाय का? बॅटर हवेत बॅट फिरवतायत का? वॉक वाढलेत का? तिन्ही ठीक असतील तर ईआरए ७ असला तरी बसून राहा. वेग दीड-दोन मैलांनी पडला असेल तर ईआरए २ असला तरी काढा, कोपर किंवा खांदा बोलतोय.

---

नवखा_पुणेकर – ९ मार्च, रात्री ९:२० (भारतीय वेळ)

नमस्कार. मी पुण्यातून अमेरिकन क्लाएंटसाठी काम करतो. त्यांच्या टीमनं मला हौसेनं लीगमध्ये ओढलंय. बेसबॉल दोन वर्षांपासून बघतोय, पण फँटसी पहिल्यांदाच. ड्रीम इलेव्हनसारखंच असतं ना? आणि ड्राफ्ट आमच्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला आहे, आई म्हणते दिवाळीला उठत नाहीस तो यासाठी उठणार.

व्हिप म्हणजे नक्की काय? आणि जिंकण्याची पण कॅटेगरी आहे, तर शेवटच्या फेऱ्यांत चांगल्या टीमचे पिचर घ्यावेत का?

---

कोपरखळी – ९ मार्च, दुपारी १२:४०

स्वागत! ड्रीम इलेव्हनसारखं नाही. तिथं एका सामन्यापुरती टीम, इथं मार्च ते सप्टेंबर एकच संसार. एक खेळाडू लीगमध्ये एकाच टीमकडे असतो, म्हणून तर ड्राफ्टमध्ये मारामारी. (अवांतर: रोटो हे नाव न्यूयॉर्कच्या 'ला रोटिसरी फ्राँसेज' या हॉटेलावरून पडलं. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि मित्रमंडळी तिथं जेवायला जमायची.)

व्हिप म्हणजे एका इनिंगमागे वॉक आणि हिट मिळून किती माणसं बेसवर जाऊ दिली. १.२० च्या खाली असला की बरा.

विजयांच्या मागे लागू नका, ते पिचरच्या हातात फारसे नसतात. २०१८ मध्ये जेकब डिग्रॉमचा ईआरए १.७० होता. विजय किती? दहा! गेल्या वर्षी गॅरेट क्रोशे शिकागो व्हाइट सॉक्समध्ये होता. १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट, आणि विजय ६, पराभव १२. टीमच १२१ सामने हरली, तो तरी काय करणार. तरीही ज्यानं त्याला ड्राफ्टच्या तळातून उचललं त्याची चैन झाली.

---

चुलीवरची – ९ मार्च, दुपारी १:१०

आई बरोबर बोलतेय.

---

कांगा_स्कोअरर (सध्या बॉस्टनजवळ) – १० मार्च, सायंकाळी ६:५५

मुलांनो, मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असणार, म्हणून थोडं पाल्हाळ चालवून घ्या. मुलाकडे राहतो. नातवाबरोबर तीन उन्हाळे बेसबॉल पाहिला. फँटसी खेळत नाही, पण नातू खेळतो आणि मी त्याची आकडेवारी वहीत लिहितो. त्याच्याकडे ॲप आहे, माझ्याकडे वही. दोन्ही जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा माझीच चूक असते, पण तो मला सांगत नाही.

कोपरखळीची वजाबाकी वाचून जुनी गोष्ट आठवली. मुंबईत तरुणपणी मी बरीच वर्षं कांगा लीगचे सामने स्कोअर केले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही १९४८ पासूनची पावसाळ्यातली स्पर्धा. ओली विकेट, गुडघाभर गवत, चेंडू पडला की कधी घोट्याशी, कधी कानाशी. तिथं साधा मध्यमगती बोलर सहा-सहा विकेट काढायचा. ऑक्टोबर उजाडला, विकेट वाळली, की तोच बोलर वीस ओव्हर टाकून दोन बळींसाठी हात जोडायचा. निवड समितीतली शहाणी माणसं त्याचे बळी मोजत नसत. माझ्याकडे येऊन विचारत, "बीट किती वेळा झाला रे?" मी समासात बारीक टिंब करत असे, बॅट आणि चेंडूची चुकामूक झाली की एक टिंब. बळीच्या रकान्यापेक्षा त्या टिंबांना किंमत होती. तुमची ती हवेत फिरलेली बॅट म्हणजे माझं टिंब.

आणि मैदानाचं म्हणाल तर इथल्या फेनवे पार्कच्या डावीकडे ३७ फुटांची हिरवी भिंत आहे. इतर कुठे सहज झेल होईल असा चेंडू त्या भिंतीवर आपटून दोन बेस देऊन जातो. पिवेटा इथं असताना मी त्याचे बरेच सामने पाहिले. माझ्या वहीत त्याच्यापुढे टिंबं पुष्कळ. नातवाला सांगितलंय.

---

फिरकी – १० मार्च, रात्री ८:२०

काका, समासातल्या टिंबांवर मी फिदा. इथं त्यालाच मोठं नाव देऊन वेबसाइटवर टक्केवारीत विकतात. वहीचा फोटो टाकता येईल का?

---

कांगा_स्कोअरर – ११ मार्च, सकाळी ७:३०

वही दादरच्या माळ्यावर. बहुधा वाळवीनं वाचून संपवली असेल.

---

मिरजमळा (डेन्व्हर) – ११ मार्च, रात्री ९:००

मैदानाचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावचं सांगतो. कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर. हवा विरळ, ब्रेकिंग बॉल नीट वळत नाही, वर आउटफील्ड अवाढव्य. आमच्या रॉकीजचा स्टार्टर शेवटच्या फेरीतच काय, कुणी पैसे दिले तरी घेऊ नका. आणि तुमचा स्ट्रीमिंगचा (एखाद्या सामन्यापुरता उचललेला) पिचर कूर्सला येणार असेल त्या दिवशी त्याला बाकावर बसवा.

यंदा आणखी एक बदल: ए'ज ही टीम ऑकलंड सोडून वेस्ट सॅक्रामेंटोच्या मायनर लीगच्या मैदानावर खेळणार, आणि वादळानं छप्पर उडाल्यामुळे टॅम्पा बे रेज यांकीजच्या सरावाच्या मैदानावर. ऑकलंडचं जुनं मैदान पिचरांचं माहेर होतं. फाउलला इतकी जागा की बॅटरचे फाउलही झेलले जायचे. ते गणित या वर्षी विसरा.

---

नवखा_पुणेकर – १२ मार्च, रात्री १०:१५ (भारतीय वेळ)

फारच उपयोगी. वाचनखूण साठवली. एक शंका. कोपरखळी म्हणतात चार स्टार्टनंतर सोडा. पण चार स्टार्टमध्ये नुकसान होऊन जात नाही का? त्यापेक्षा मुळातच "सेफ" पिचर घेतला तर? दर सामन्याला सहा इनिंग, ४.२० ईआरए, कटकट नाही.

---

कोपरखळी – १२ मार्च, रात्री ८:४५

याचा हिशोब मी एकदा दुधाच्या बिलामागे केला होता, परत करतो. समजा बाकीच्या पिचरांच्या मिळून १२०० इनिंग, ईआरए ३.७०. त्यात एक जण आला, ज्याचे वीस इनिंगमध्ये १४ रन झाले आणि तुम्ही त्याला नारळ दिला. वाईटातलं वाईट, ६.३० ईआरए. टीमचा ईआरए किती होतो? ३.७४. बस्स.

आता दुसरा, "गुणी" पण सामान्य, वर्षभर सांभाळलेला, १५० इनिंग, ५.०० ईआरए. टीमचा ईआरए ३.८४. आमच्या लीगमध्ये तेवढ्यात दोन-तीन गुण जातात. म्हणजे लवकर ओळखलेली मोठी चूक स्वस्त पडते, महिनोन् महिने सांभाळलेली मध्यम चूक महाग.

आणि तुझा ४.२० वाला "सेफ" पिचर? तो ड्राफ्टमध्ये घ्यायची गरजच नाही. मे महिन्यात फुकटच्या ढिगात असे दहा पडलेले असतात, लागेल तेव्हा उचल. तळाच्या फेऱ्यांत असा माणूस घे की जमलं तर छप्पर फाडून जमेल, आणि नाही जमलं तर चार स्टार्टमध्ये कळेल.

---

मिरजमळा – १२ मार्च, रात्री १०:३०

पण सेफ दिसणाऱ्यांतही हिरा निघतो. सेथ लुगो आठवा. गेल्या वर्षी चौतिशीत, कॅन्सस सिटीकडून २०६ इनिंग, १६ विजय, ३.०० ईआरए, अमेरिकन लीगच्या साय यंगच्या मतदानात दुसरा. ड्राफ्टमध्ये त्याला "चला, इनिंग भरतील" म्हणून लोकांनी घेतला होता.

---

फिरकी – १२ मार्च, रात्री ११:१२

मान्य. पण लुगोही मुळात बुलपेनमधूनच आलेला. गेल्या वर्षी तळातून वर आलेल्यांत एक धागा समान आहे: क्रोशे, अटलांटाचा रेनाल्डो लोपेझ (१३५ इनिंग, १.९९!), दोघंही आदल्या वर्षीपर्यंत रिलीव्हर. लुगो त्याच्या एक वर्ष आधी. रिलीव्हरचा स्टार्टर होतो तेव्हा आकड्यांना काय करावं ते बाजाराला कळत नाही, म्हणून तो स्वस्त मिळतो. यंदा ब्यूबिक, आणि यांकीजचा क्लोझर (सामना संपवायला येणारा रिलीव्हर) क्ले होम्स, तो मेट्सकडे स्टार्टर होतोय.

धोकाही तोच. हातानं तेवढ्या इनिंग टाकलेल्या नसतात. ऑगस्टपर्यंत किती जण उभे राहतील कोण जाणे. ब्लँकोबद्दलही सावध: १० टक्क्यांच्या आसपास वॉक, आणि मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी फक्त २२ टक्के हिट झाले, जिथं सरासरी २९-३०. या वर्षी तो मोसम पुन्हा होणं कठीण.

---

कांगा_स्कोअरर – १३ मार्च, सकाळी ७:१०

कोपराचा विषय निघाला म्हणून एक आठवण. नातवानं मला आर. ए. डिकीची गोष्ट सांगितली आणि मी चाटच पडलो. या माणसाच्या उजव्या कोपरात ते प्रसिद्ध, पिचरांचं फाटतं ते लिगामेंटच नाही. १९९६ मध्ये टेक्सासनं त्याला ८ लाख १० हजार डॉलर देऊ केले होते. डॉक्टरांना ही गोष्ट कळल्यावर ते ७५ हजारांवर आले. तो पडत-झडत नकलबॉल (जवळजवळ न फिरता डुलत जाणारा संथ चेंडू) शिकला आणि २०१२ मध्ये ३७ व्या वर्षी मेट्सकडून २० विजय, २.७३ ईआरए, साय यंग. नकलबॉल टाकणाऱ्याला हा पुरस्कार पहिल्यांदाच मिळाला.

पण मला लागलं ते दुसरंच. त्या मोसमाआधी, जानेवारीत, तो किलीमांजारो चढला. कशासाठी? बॉम्बे टीन चॅलेंज या मुंबईतल्या संस्थेसाठी, देहविक्रीत ढकललेल्या बायका-मुलींना सोडवण्याच्या कामाला पैसे उभे करायला. क्लबनं बजावलं होतं की चढताना दुखापत झाली तर करार रद्द होऊ शकतो. पुढच्या वर्षी आपल्या मुलींना घेऊन तो स्वतः मुंबईत येऊन गेला. मी कामाठीपुऱ्याच्या नाक्यावरून बेस्टच्या बसनं तीस वर्षं ये-जा केली, खिडकीबाहेर बघायचं टाळत.

---

कोपरखळी – १३ मार्च, सकाळी ९:३०

काका, याच्यापुढे काय लिहिणार.

(विषयावर यायचं तर डिकीला २०१२ मध्ये बहुतेक लीगमध्ये तळाला घेतलं होतं. २०१३ मध्ये लोकांनी वरच्या फेऱ्यांत घेतला आणि ईआरए ४.२१ आला.)

---

कोपरखळी – २३ मार्च, रात्री १२:५०

ड्राफ्ट झाला. पिवेटा सोळाव्या फेरीत, लुझार्डो अठराव्या, ब्यूबिक चोविसाव्या. मधे एकविसाव्या फेरीत हात पुन्हा एका ओळखीच्या नावावर गेला होता, सेकंद उरले होते सात. बायको मागे उभी होती, म्हणाली, "हा तोच ना, गेल्या वर्षी रडवलेला?" वाचलो. होम्स माझ्या आधी एकानं उचलला.

---

नवखा_पुणेकर – २३ मार्च, सकाळी ११:०० (भारतीय वेळ)

उठलो! पिवेटा मलाही मिळाला. ब्यूबिक शेवटच्या फेरीत. मधे वीज गेली, तेवढ्यात ऑटोपिकनं मला चौथा कॅचर (आपला विकेटकीपर) दिला.

---

चुलीवरची – २३ मार्च, सकाळी ९:४०

चौथा कॅचर. 😂 नारळ फोडून श्रीगणेशा.

---

फिरकी – १८ मे, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. ब्यूबिक काय टाकतोय! कोपरखळी, कुठे आहात? पिवेटा पण उत्तम. लुझार्डोचा ईआरएही दोनच्या आसपास. तिन्ही बाण लागले, पार्टी द्या.

---

कोपरखळी – १८ मे, रात्री ११:००

दुसरा आहे सध्या. नजर लावू नका.

---

कोपरखळी – २ ऑक्टोबर, रात्री १०:२०

दसऱ्याच्या शुभेच्छा. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. माझं सोनं मी जूनमध्ये फेकून दिलं, ती कबुली द्यायला आलोय.

३१ मेला मुलाला घेऊन फिलाडेल्फियाला गेलो होतो, मिल्वॉकीविरुद्ध. मुद्दाम लुझार्डोचा दिवस बघून तिकिटं काढली होती. तोवर ११ स्टार्टमध्ये त्याचा ईआरए २.१५. मुलाला गाडीत सांगत होतो, हा आपल्या टीमचा माणूस. मग जे सुरू झालं ते थांबेचना. चौथ्या इनिंगमध्ये त्याला काढलं तेव्हा १२ रन झाले होते. आजूबाजूचे हुर्यो करत होते आणि पोरगं विचारत होतं, "बाबा, आपलेच ना हे?" पाच दिवसांनी टोरोंटोत सव्वादोन-अडीच इनिंगमध्ये आणखी आठ रन. दोन सामन्यांत वीस. ईआरए २.१५ वरून ४.४६.

मी शुक्रवारी सकाळी सहा वाजता, चहा ठेवण्याआधी, नारळ दिला.

वेग बघितला नाही. बॅट हवेत फिरतायत का ते बघितलं नाही. वॉक बघितले नाहीत. डोळ्यांपुढे फक्त ते बारा रन होते. नंतर चर्चा झाली की तो कुठला चेंडू टाकणार याची बॅटरांना आधीच चाहूल लागत होती. म्हणजे चेंडूत खोट नव्हती. वेगही होता तसाच होता, मी ऑगस्टमध्ये बघितला. त्यानं मोसम संपवला १५ विजय आणि २१६ स्ट्राइकआउटनी. ईआरए ३.९२ दिसतो, पण ते दोन सामने वगळले तर तीनच्या आसपास.

आमच्या लीगमध्ये त्याला उचललं तो तिसरा आला. मी दुसरा. पहिला ९८.५, मी ९७. स्ट्राइकआउटमध्ये एक जागा आणि विजयांत एक जागा मी थोडक्यात हुकलो, दोन्हीकडे लुझार्डोचे आकडे धरून बघितले तर मी पुढे जातो. मुलानं ही बेरीज मला करून दाखवली, न विचारता.

बाकीचा हिशोब: पिवेटा १३ विजय, ५ पराभव, २.८७ ईआरए, १९० स्ट्राइकआउट, सोळाव्या फेरीचा! ब्यूबिक ऑल-स्टार झाला, २.५५, आणि जुलैच्या शेवटी खांद्यामुळे मोसम संपला. फिरकी यांनी मार्चमध्ये लिहिलं होतंच. ब्लँकोच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, लोपेझ एकच सामना खेळला. आणि ज्याला बारापैकी एकाही टीमनं घेतला नाही तो बाल्टिमोरचा ट्रेव्हर रॉजर्स मेअखेर आला आणि १८ सामन्यांत १.८१.

---

फिरकी – २ ऑक्टोबर, रात्री ११:०५

"मी म्हटलं नव्हतं का" असं लिहिणार नाही. मी म्हटलं नव्हतं का?

(आमच्या लीगमध्ये मी होम्सला जुलैत सोडला, वॉक वाढले म्हणून. ते बरोबर होतं की नाही मलाही कळलेलं नाही, शेवटी त्याचा ३.५३ आला.)

---

नवखा_पुणेकर – ३ ऑक्टोबर, सकाळी १०:३० (भारतीय वेळ)

मी सातवा. गणपतीत गावाला होतो, दहा दिवस लाइनअप लावलीच नाही, तीन दुखापतीवाले तसेच लाइनअपमध्ये पडून राहिले. इकडे ऑगस्टपासून पैशांचे फँटसी खेळ कायद्यानं बंद झाले, त्यामुळे ऑफिसातल्या सगळ्यांना अचानक आमच्या बिनपैशांच्या लीगमध्ये रस आलाय. पुढच्या वर्षी पुण्यातून तीन टीम असणार. आईला सांगितलेलं नाही.

---

कांगा_स्कोअरर – ३ ऑक्टोबर, सकाळी ८:००

नातू त्याच्या लीगमध्ये पहिला आला. पिवेटा होता.

कोपरखळी, ३१ मेचा तो सामना मी टीव्हीवर स्कोअर केला होता. वही काढून पाहिली. बारा रन झाले खरे, पण समासात टिंबंही आहेत. मोजायची आहेत का?

---

कोपरखळी – ३ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

नको काका.